बारा चाळीसचा निरोप

फोन चाचांच्याच नंबरवरून आला. सकाळची पावणेआठची वेळ. मी साताऱ्यात, स्वयंपाकघरात चहा उकळत ठेवून उभी होते, आणि स्क्रीनवर 'दस्तगीरचाचा' हे नाव बघून, खरं सांगते, मी दचकले. दोन महिने आमचं बोलणं नव्हतं आणि त्याला कारण मीच होते. उचलू की नको करत उचलला, तर पलीकडे त्यांचा मुलगा समीर. "ताई, अब्बा गेले... पहाटे. झोपेतच." पुढे तो मातीला किती वाजता नेणार, कोण कोण पोचलंय, असं काय काय सांगत होता आणि मी नुसतं हो हो म्हणत होते. चहा उतू गेला. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या नंबरवरून आलेल्या फोनच्या शेवटी आज पहिल्यांदाच कुणी वेळ सांगितली नाही.

ही वेळेची भानगड आधी सांगायला हवी, नाहीतर चाचा कळायचे नाहीत. दस्तगीर मुलाणी, राहणार पलूस. सारी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या वीज उपकेंद्रांत ऑपरेटर म्हणून गेली. उपकेंद्रात फोनवर आलेला प्रत्येक निरोप वहीत उतरवायचा असतो. किती वाजता, काय, देणारा कोण, घेणारा कोण. घेणाऱ्यानं निरोप परत म्हणून दाखवायचा, देणाऱ्यानं वेळ बोलायची आणि दोघांनी आपापल्या वहीत लिहायची. लांब कुठेतरी खांबावर माणूस चढलेला असतो आणि त्याचा जीव त्या एका ओळीवर असतो, म्हणून हा सगळा खटाटोप. चाचा निवृत्त झाले, पण ही सवय काही निवृत्त झाली नाही. घरी चाचींना फोन करून सांगणार, "येताना दोन जुड्या कोथिंबीर आणतो. म्हणून दाखीव." चाची पलीकडून करवादायच्या, तरी म्हणून दाखवायच्या. मग चाचा म्हणणार, "सहा दहा. लिवलं." आणि खरंच लिहायचे! लांबट, लाल पाठीची वही, त्यात चार रकाने पट्टीनं आखलेले, आणि एकही रकाना कधी रिकामा नाही. आम्ही ऑफिसात त्यांची लय टिंगल करायचो. मी सगळ्यात जास्त.

ऑफिस म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि सात माणसं. मालक वाईचे विनायकराव. सोलरची लहानसहान कामं करता करता त्यांनी ठरवलं की आता मोठ्या लिलावात उतरायचं. हा लिलाव उलटा असतो. सांगलीत हळदीच्या सौद्यात भाव चढत जातो, इथे उतरत जातो. जो सगळ्यात कमी दरात वीज द्यायला तयार, त्याला काम. पूर्वी त्यात सोलरची वीज किती स्वस्त देता एवढंच विचारायचे. पण दुपारी वीज नको इतकी होते आणि दिवेलागणीला, घरोघरी पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात तेव्हा ऊन गेलेलं असतं. म्हणून आता अटच घातलेली. सोलरबरोबर बॅटरी बसवा, दुपारची वीज साठवा आणि रोज संध्याकाळी ठरलेले तास ती द्या. कमी पडलात तर दंड. आणि हे एकदोन वर्षं नाही, माझी मुलगी नोकरीला लागेल तोवर. हा सगळा हिशेब मांडून आमचा दर ठरवणं हे माझं काम. मी इंजिनिअर, कॉम्प्युटरवर मोठमोठे तक्ते करण्यात पटाईत, आणि आपल्याला कळतं याची जरा जास्तच खात्री असलेली.

बॅटरीची माहिती असलेला माणूस हवा म्हणून विनायकरावांनी चाचांना बोलावलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. उपकेंद्रातल्या बॅटऱ्या वेगळ्या, त्या जुन्या आम्लाच्या, आमच्या वेगळ्या. पण चाचा आले, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, बगलेत ती वही. मी अर्धा तास पडद्यावर चित्रं दाखवत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम, बॅटरी ऱ्हाणार कुठं? सावलीत का उन्हात?" मी म्हटलं, कंटेनरमध्ये. आत एसी असतो. "मग त्यो एसी कुणाचं खातो?" म्हणाले. एसी बॅटरीच्याच जिवावर चालतो, आणि तो किती वीज खातो याचा आकडा मी बॅटरी बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावरून जसाच्या तसा उचलला होता. तो कागद कुठल्यातरी थंड देशात लिहिलेला. आमची जागा कवठे महांकाळच्या बाहेरच्या माळावर... तिथे मे महिन्यात दगडावर हात टेकवत नाही.

त्या एका प्रश्नातून आमचा प्रयोग निघाला. माळावर एक छोटा कंटेनर उभा केला, आत थोड्या बॅटऱ्या, एसी आणि एसीला स्वतंत्र मीटर. मार्चपासून मेपर्यंत रोज तो किती खातो ते मोजायचं. मोजणारे चाचा. राखणीला तिथलाच बिराप्पा नावाचा धनगर गडी, पन्नाशीचा, उन्हानं रापलेला. बाकीचे लोक कागदावर विसंबून दर भरणार आणि आम्ही स्वतःच्या मातीत मोजून. या गोष्टीचा आम्हाला केवढा अभिमान! दर आठवड्याला आकडे यायचे आणि ते इतके छान असायचे की मी दोनदा फोन करून विचारलं, मीटर बरोबर आहे ना. "परत म्हणून दावू का?" चाचा हसायचे. दुपारच्या डब्याला एकदा मी माळावर त्यांच्याबरोबर बसले होते. ते उपकेंद्रातल्या बॅटरीच्या खोलीबद्दल सांगत होते. सगळीकडे अंधार झाला तरी ती बॅटरी जागी लागते, नाहीतर बिघाड झालेल्या लाइनचा प्रवाह तुटतच नाही आणि माणूस जातो. "म्हून रोज सकाळी पैलं तिचं अंग बघायचं. काचेच्या नळीनं पाणी बघायचं, थर्मामीटर लावायचा. उन्हाळ्यात खिडकीला ओली पोती टांगायची. ती तापली न्हाई पायजे. लेकरागत असती ती." मी ऐकलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या डोळ्यांसमोर, दहा पावलांवर, कंटेनरच्या पश्चिमेच्या अंगाला ओली पोती टांगलेली होती. मला वाटलं, बिराप्पानं धुऊन वाळत घातली असतील.

हीच ती चूक. दोघांची. चाचांनी पोती टांगायला सांगितली कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. गोठ्यातल्या म्हशीला पाणी दाखवतो तसं. बिराप्पा रोज दुपारी न चुकता घागरभर पाणी त्यांच्यावर ओतायचा. कंटेनर गार राहायचा, एसी सुखात चालायचा, मीटर कमी फिरायचा आणि मी ते आकडे घेऊन साताऱ्यात तक्ते रंगवत बसायचे. खऱ्या प्रकल्पात असे कितीतरी कंटेनर लागणार, ओळीनं. त्यांच्यावर रोज पोती कोण भिजवणार?

लिलाव मे महिन्याच्या शेवटी. सकाळी अकराला सुरू झाला. विनायकराव माझ्या शेजारी, बाकीचे पाच जण मागे उभे. पडद्यावर सगळ्यात कमी दर आणि एक घड्याळ, एवढंच दिसतं. समोर कोण आहे ते कळत नाही. नियम असा की शेवटच्या आठ मिनिटांत कुणी दर कमी केला की घड्याळ पुन्हा आठ मिनिटांवर जातं. कुणीच काही केलं नाही आणि घड्याळ शून्यावर आलं की संपलं. विनायकरावांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, हा हुकला तर साताऱ्याचं ऑफिस चालवणं त्यांना झेपायचं नाही. त्यामुळे खोलीत कुणी खोकतही नव्हतं. दर पैशा-पैशानं उतरत होता. आमची खालची मर्यादा, म्हणजे ज्याच्याखाली जायचं नाही असा आकडा, मी काढलेला होता. बारा वाजून गेले, साडेबारा झाले. आम्ही मर्यादेच्या दोन पैसे वर होतो आणि समोरचा आमच्यापेक्षा एका पैशानं खाली. घड्याळ धावत होतं.

तेव्हा चाचांचा फोन आला. मी उठून जिन्यात गेले. त्यांना धाप लागलेली होती. माळावर कंटेनरपाशी रेंज नाही, ते उतारापर्यंत चालत आले होते, त्या उन्हात, त्या वयात. "पोरी, ऐक. बिरा दोन दिस लग्नाला गेलाय. पोती वाळल्यात. एसी थांबंना झालाय. मी फिल्टर बघितला, वायर बघितली... मग टकुऱ्यात उजेड पडला. आपलं समदं आकडं पोत्यांचं हायत. चूक माजी हाय. त्यो दर धरू नगा. थांबा." मग म्हणाले, "म्हणून दाखीव." आणि मी म्हणून दाखवलं. जिन्यात, भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात. आकडे पोत्यांचे आहेत, दर धरू नका, थांबा. "बारा चाळीस," चाचा म्हणाले. "लिवलं."

मी परत येऊन खुर्चीत बसले. विनायकरावांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, घरून.

मी असं का केलं हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता प्रश्नाची धारच बोथट झालीय. अकरा महिन्यांचं काम होतं. मागे पाच माणसं श्वास रोखून उभी होती. आणि पोत्यांमुळे! ओल्या पोत्यांमुळे माझा तक्ता खोटा ठरावा हे मला सहनच झालं नाही. वाटलं, म्हाताऱ्याचा काहीतरी घोळ असेल, नंतर बघू. घड्याळात दोन मिनिटांहून कमी उरली होती. विनायकराव माझ्याकडे बघत होते. बारा चव्वेचाळीसला मी मर्यादेचा आकडा टाकला आणि बटण दाबलं. घड्याळ पुन्हा आठ मिनिटांवर गेलं. ती आठ मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. सगळे देवाचा धावा करत होते की समोरच्यानं आता काही करू नये. मीही हात जोडून बसले होते, पण मी उलटं मागत होते. कुणीतरी एक पैसा खाली जा रे... कुणीही. आमच्यावरून जा आणि आम्हाला हरव. कुणी गेलं नाही. घड्याळ शून्यावर आलं. मागून आरडाओरडा झाला, कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणी पेढे आणायला जिन्यानं धावत सुटलं.

पेढे खाऊन झाल्यावर, तासाभरानं, मी विनायकरावांना म्हटलं की चाचांचा फोन आला होता, आपले आकडे पोत्यांचे आहेत म्हणून. 'आला होता' एवढंच म्हटलं. कधी, ते नाही.

पुढचा आठवडा पोती काढून प्रयोग केला. आकडा इतका वाईट आला की त्या दरात आम्ही रोज संध्याकाळी कमी पडणार होतो आणि वर्षानुवर्षं दंड भरणार होतो. जिंकलेलं काम सोडावं लागलं. अनामत जप्त झाली, आणि काही काळ लिलावात भाग घ्यायला बंदी. आम्ही नुसते हरलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं, पुढच्या लिलावात पुन्हा उतरलो असतो. ऑफिस बंद करायचं ठरलं त्या दिवशी विनायकरावांनी सगळ्यांना बोलावलं, चाचांनाही. ते पलूसहून एसटीनं आले. विनायकराव मोठ्यानं बोलणारे गृहस्थ नव्हेत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला. "चाचा, एवढंच सांगा मला. फोन कधी केला तुम्ही? बोली लावायच्या आधी केला असता तर आपण वाचलो असतो हो!"

खोलीत सगळे चाचांकडे बघत होते. चाचा माझ्याकडे बघत होते. वही त्यांच्या बगलेत होती. त्यांनी ती उघडून टेबलावर ठेवली असती तर एका ओळीत सगळं संपलं असतं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही असेल, पण आवाज निघाला नाही. चाचांनी नजर काढून घेतली. "उशीरच झाला, सायब," ते म्हणाले. "रेंज नव्हती." मग टोपी सारखी केली आणि खाली गेले. सहकाऱ्यांपैकी एकानं त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, पोत्यांनी बुडवलं सगळ्यांना. मी तिथेच उभी होते. त्यानंतर जिथे जिथे ही गोष्ट निघाली तिथे तिथे खापर चाचांच्याच डोक्यावर फुटलं आणि मी मूग गिळून बसले. मला दुसरी नोकरी मिळाली. माझ्या कामाबद्दल चांगलं लिहून देणारे विनायकरावच होते.

दिवाळीच्या आसपास एकदाच मी पलूसला गेले, सगळं बोलून टाकायचं असं ठरवून. चाचा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बारीक झाले होते, बोलताना खोकत होते. चाचींनी चहा केला. मी तोंड उघडलं की चाचा दुसरंच काही काढायचे... समीरची बदली, बिराप्पाच्या मेंढ्या, द्राक्षबागांवर आलेला पाऊस. शेवटी मी म्हणालेच, "चाचा, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?" ते हसले नाहीत. म्हणाले, "मी निवृत्त माणूस, पोरी. माजं नाव गेलं तर चहाच्या गाड्यावर जाईल. तुजं गेलं तर नोकरीवरनं जाईल." आणि वर, "पर तू पुन्यांदा कवा निरोप दाबू नगंस. खांबावर माणूस असतो." यावर मी रडायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. मला राग आला. त्यांनी मला वाचवलं याचा राग, आणि त्यांना सगळं ठाऊक आहे याचा त्याहून जास्त. मी चहा अर्धा ठेवून उठले. त्यानंतर त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तिसरा आला तो समीरचा.

मातीच्या दिवशी मी आत चाचींजवळ बसले होते. लोक येत होते. उपकेंद्रातले जुने लाइनमन आले होते, त्यांतल्या एकाला दोन्ही हातांनी डोळे पुसताना बघितलं. "आमी खांबावर असायचो आन् फोनवर दस्तगीर हाय म्हणल्यावर बिनघोर चढायचो," तो दाराशी कुणालातरी सांगत होता. बिराप्पा कवठे महांकाळहून आला होता. मला बघून म्हणाला, "आवं बाई, पोती माझ्या हातची. चाचाला कशापायी बोल लागला?"

महिनाभरानं चाचींनी बोलावून ती वही माझ्या हातात दिली. "त्यांनी सांगून ठेवलं हुतं, मॅडमला द्या म्हून." घरी आणून चार दिवस तशीच कपाटावर ठेवली होती. मग एका दुपारी उघडली. कोथिंबीर, दोन जुड्या. समीर, पोचलो. बिरा, पाणी संपलं. पानंच्या पानं, निळ्या शाईत, प्रत्येक ओळीला वेळ, निरोप, देणारा, घेणारा. माझ्याही कितीतरी ओळी. 'घेणार: वैशाली मॅडम' हे त्यांनी दर वेळी पूर्ण लिहिलेलं. मे महिन्याचं ते पान आलं. वेळ: १२.४०. निरोप: आकडे पोत्यांचे, दर धरू नका, थांबा. देणार: द. मुलाणी. आणि चौथा रकाना रिकामा, लिहिलेलं नाव नंतर ब्लेडनं खरवडून काढलेलं. मी मागे-पुढे सगळी वही चाळली, अगदी पहिल्या पानापासून. दुसरा एकही रकाना कुठे रिकामा नाही. उद्या कुणी ही वही मागितलीच, उघडलीच, तर त्यात माझं नाव सापडू नये एवढी काळजी त्या माणसानं घेतली होती. त्यासाठी सगळ्या जन्मात मोडला नाही तो नेम मोडला होता.

विनायकरावांना मी परवा वाईला जाऊन सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले की चाचांशी मी त्या दिवशी जसं बोललो ते आता परत घेता येणार नाही. ते खरंच आहे. माझंही काही परत येणार नाही. पण ज्या लोकांनी ही गोष्ट चुकीची ऐकली आहे, आणि सातारा-सांगलीच्या वीजवाल्यांत ती पुष्कळांनी ऐकली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं. दस्तगीर मुलाणींनी उशीर केला नव्हता. त्यांचा निरोप वेळेत पोचला होता, आणि मी तो परत म्हणून दाखवला होता.

वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. चौथ्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आहे, पूर्ण.